आडात होतंच, म्हणून पोहऱ्यात आलं

आपल्याकडे घरात मूल जन्मलं की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसराही ठरलेलाच, "कोणाचेर गेलां?" गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या घरांतही हा प्रश्न हमखास कोकणीतूनच येतो. मग पाळण्याभोवती वाटण्या सुरू होतात. नाक आजोबांचं, हनुवटी आत्याची, कपाळ मामाचं. (रंग सावळा असला की तो मात्र नेहमी आईकडचा, हे एक न उलगडलेलं शास्त्र आहे!) मी गेली वीस वर्षं सरकारी कचेरीत कागद हाताळतोय. वारसाच्या इन्व्हेंटरीसाठी भावंडं वर्षानुवर्षं खेटे घालताना पाहिलीत. पाळण्याभोवती होते तितकी झटपट वाटणी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

या वाटण्या गमतीच्या असतात तोवर ठीक. पण एखादी खूण दोन्ही घरांत कुठेच दिसत नसली तर? मग हसणं थांबतं आणि कुजबुज सुरू होते. अशा वेळी आपल्या मदतीला एक म्हण तयारच असते: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माझ्या आईच्या एका मावशीने ही म्हण जन्मभर ऐकली. पेडण्याकडचा एक वाडा, साल १९५२ च्या आसपासचं, म्हणजे गोवा मुक्तीला अजून नऊ-दहा वर्षं होती. मावशीला तिसरी मुलगी झाली, तिचे डोळे घारे. आई-वडिलांचे डोळे काळेभोर, आजी-आजोबांचेही तसेच. पाखलो म्हणजे आमच्याकडे गोरा पोर्तुगीज, बहुतेक वेळा शिपाई. वाड्यापासून कोसभरावर पोर्तुगिजांचा एक नाका होता. लोकांना तेवढा पुरावा पुरला. पोरीचं नाव काहीही ठेवलेलं असो, वाड्यावर तिला 'पाखलीण' म्हणू लागले.

नवऱ्याने मावशीला टाकलं नाही. पण तिच्या बाजूने तो कधी एक शब्दही बोलला नाही, असं आई सांगते. मी पाहिली तेव्हा मावशी म्हातारी झाली होती. देवळात जत्रेला यायची, पण पालखी पुढे गेल्यावर मागच्या बाजूला उभी राहायची. मुलीला गोव्यात स्थळ मिळालं नाही, तिला पार बेळगावकडे दिली. मावशी १९९० मध्ये गेली.

पुढे काय झालं ते ऐका. मावशीच्या धाकट्या दिराच्या नातीचे डोळे घारे निघाले. मग २०११ मध्ये माझ्या सख्ख्या भावाला मुलगा झाला, त्याचेही डोळे घारे! म्हणजे मावशीच्या सासरी एक आणि माहेरच्या गोतात एक. एव्हाना पाखल्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली होती. भावाच्या मुलाला पाहायला आलेल्या बायका म्हणाल्या, "कितें सोबीत दोळे!" एखादा सिनेमातला हिरो होणार म्हणाल्या. ज्या डोळ्यांपायी एका बाईने मान वर करून चालणं सोडलं, तेच डोळे आता कौतुकाचे झाले होते.

मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध शाळेत सुटला तो मुलगी दहावीत गेल्यावर पुन्हा जुळला. तिच्या पुस्तकातला आनुवंशिकतेचा धडा मी तिच्याहून जास्त वेळा वाचला असेन. नंतर वाचनालयातून आणखी काही पुस्तकं आणली. त्यातून जे समजलं ते माझ्या कचेरीच्या भाषेत सांगतो.

असं समजा, की शरीराच्या प्रत्येक कामाची एक फाईल आहे आणि ती आपल्याकडे दोन प्रतींत असते. एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून. फाईल म्हणजे जनुक. दोन्ही प्रतींतला मजकूर तंतोतंत सारखा असेलच असं नाही. एकाच फाईलच्या अशा वेगवेगळ्या मजकुराच्या प्रतींना शास्त्रात ॲलील म्हणतात. मूल होताना आई आपल्या दोन प्रतींपैकी एक पाठवते, वडील आपल्या दोनपैकी एक. कुठली जाईल ते नाणेफेकीसारखं.

हे पहिल्यांदा ओळखलं ते ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने. आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या मठात १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्याने वाटाण्याची झाडं लावली आणि दाणे मोजले. हा माणूस शिक्षकीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला! गोल दाण्याचं झाड आणि सुरकुतलेल्या दाण्याचं झाड यांचा त्याने संकर केला, तर सगळे दाणे गोलच आले. सुरकुतलेला गुण संपला असं कोणालाही वाटलं असतं. मेंडेलने ते गोल दाणे पेरले आणि त्यांचा आपसातच फलधारणेचा हंगाम होऊ दिला. पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. जवळजवळ तीनास एक. म्हणजे गुण संपला नव्हता, एक पिढी नुसता न दिसता राहिला होता.

इंग्रजी पुस्तकात हे दाखवायला मोठं अक्षर आणि लहान अक्षर वापरतात. आपल्या देवनागरीत अक्षरांत थोरलं-धाकटं नाही, म्हणून मी मुलीला 'गो' आणि 'सु' करून दिलं. गो-गो, गो-सु, सु-गो, सु-सु. पहिले तिन्ही गोल दिसतात, चौथाच सुरकुततो. मधले दोघे दिसायला गोल, पण त्यांच्याकडे 'सु'ची प्रत शाबूत असते. अशांना वाहक म्हणतात. ही सगळी गोष्ट या मधल्या दोघांचीच आहे.

मेंडेलने आपलं काम १८६५ मध्ये वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं आणि जगाने ते बाजूला ठेवून दिलं. तो पुढे मठाधिपती झाला आणि मठावरच्या कराबद्दल सरकारशी भांडत राहिला. (त्या कचेरीतल्या कारकुनाची मला दया येते.) १८८४ मध्ये तो वारला. १९०० मध्ये तिघा वनस्पतिशास्त्रज्ञांना वेगवेगळे प्रयोग करताना तेच गणित सापडलं, तेव्हा कुठे त्याची फाईल वर आली.

आता एक शंका मला बरेच दिवस छळत होती. गोल दाण्याची प्रत सुरकुतलेल्या प्रतीवर मात करते ती कशी? दोघींची कुस्ती होते की काय? याचं उत्तर १९९० मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी शोधलं आणि ते फारच साधं आहे. दाण्यात पिठूळपणा म्हणजे स्टार्च नीट तयार व्हावा म्हणून एक विकर लागतं. 'सु' प्रतीत मध्येच जास्तीचा मजकूर घुसल्यामुळे त्या प्रतीवरून ते विकर बनत नाही. पण दुसरी प्रत चांगली असेल तर तेवढीवर काम भागतं आणि दाणा गोल होतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच स्टार्च कमी पडतो, साखर जास्त राहते, दाणा पाणी धरून ठेवतो आणि वाळताना सुरकुततो. कुस्ती वगैरे काही नाही. कचेरीत एक प्रत वाचता येत असली की काम चालतं, दुसरी वाळवीने खाल्ली आहे हे कोणाला कळतही नाही, तसंच हे.

आणि गंमत बघा, साखर जास्त म्हणून हा सुरकुतलेला वाटाणाच खायला गोड लागतो!

मराठी पाठ्यपुस्तकांत या दोन गुणांना प्रभावी आणि अप्रभावी म्हणतात. शास्त्राला हे शब्द चालतात, पण भाषेच्या विद्यार्थ्याला टोचतात. प्रभावी म्हटलं की आपल्याला वजनदार, श्रेष्ठ, संख्येने भारी असं वाटतं. अप्रभावी म्हणजे दुबळा. तसं मुळीच नाही. हाताला सहावं बोट असण्याचा गुण बऱ्याच घराण्यांत प्रभावी असतो, पण म्हणून गावात सहा बोटांची माणसं जास्त दिसत नाहीत. उलट 'ओ' रक्तगट अप्रभावी आहे, आणि तो आपल्या देशात किती सर्रास आढळतो ते रक्तपेढीत विचारा. प्रभावी गुण पसरत पसरत सगळ्यांना व्यापून टाकेल का, असा प्रश्न १९०८ मध्ये इंग्लंडात निघाला होता. रामानुजनला पुढे केंब्रिजला बोलावून घेणाऱ्या जी. एच. हार्डी या गणितज्ञाने दोन-चार ओळींच्या गणिताने दाखवून दिलं की बाहेरून ढवळाढवळ झाली नाही तर दोन्ही प्रतींचं प्रमाण पिढ्यान्पिढ्या तसंच राहतं. मला विचाराल तर अप्रभावीपेक्षा 'सुप्त' हा शब्द बरा. झोपलेला माणूस म्हणजे नसलेला माणूस नव्हे.

डोळ्यांबद्दल मात्र थोडं सावध बोलायला हवं. डोळ्यांच्या रंगाचं गणित वाटाण्याइतकं सरळ नाही, त्यात अनेक जनुकांचा हात असतो. डोळ्यात निळा किंवा हिरवा रंग भरलेला नसतो. मेलॅनिन जास्त असलं की डोळे काळे दिसतात, कमी असलं की घारे किंवा निळे. या मेलॅनिनच्या कमी-जास्तीत पंधराव्या गुणसूत्रावरच्या दोन शेजारी जनुकांचा वाटा मोठा आहे, हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. तिथली फिकट रंगाची प्रत साधारणपणे सुप्त गुणासारखी वागते. म्हणून काळ्या डोळ्यांच्या दोन माणसांना घाऱ्या डोळ्यांचं मूल होणं यात नवल काहीच नाही. क्वचित उलटही होतं. कोकणस्थांच्या घरांत घारे डोळे पिढ्यान्पिढ्या दिसतात, त्यांना कोणी पाखल्यांचे म्हणत नाही. तेव्हा डोळे पाहून बाप ठरवणं हा शास्त्राचा धंदा नव्हे, नाक्यावरच्या गप्पांचाच आहे.

डोळ्यांचं एक वेळ सोडा, ती नुसती नजरेची गोष्ट. रक्ताचा दाखला तर सगळ्यांना पक्का वाटतो. पण तिथेही सुप्त गुण कसा चकवतो ते पाहण्यासारखं आहे. आई-वडिलांपैकी एकाचा गट 'एबी' असला तर मूल 'ओ' गटाचं होऊ शकत नाही, असं आपण शाळेत शिकतो. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळंच रक्त शोधून काढलं. त्याला पुढे जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव पडलं. 'ए' आणि 'बी' या खुणा रक्तपेशींवर थेट बसत नाहीत, 'एच' नावाच्या पाटावर बसतात. हा पाट तयार करणाऱ्या फाईलच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर पाटच नसतो. मग 'ए', 'बी'चं जनुक असूनही ते दिसत नाही आणि साध्या तपासणीत रक्त 'ओ'सारखं दिसतं. आपल्या देशात असा माणूस साधारण दहा हजारांत एक असावा असा अंदाज आहे. युरोपात तो याहून कितीतरी दुर्मीळ. या माणसाला 'ओ' गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, त्याच्यासारख्याच दुसऱ्याचं लागतं. आता विचार करा, अशा मुलाचा 'ओ' लिहिलेला कागद 'एबी' गटाच्या बापाच्या हातात पडला तर घरात काय होईल? आणि बोट कोणाकडे जाईल?

बोट नेहमी बाईकडेच जातं. खरं तर सुप्त गुणाचं सारं शास्त्र याच्या नेमकं उलट सांगतं. मूल 'सु-सु' व्हायचं तर एक 'सु' आईकडून आणि एक 'सु' बापाकडून यावाच लागतो. एकट्या आईकडून तो दिसूच शकत नाही. त्या घाऱ्या डोळ्यांत मावशीच्या नवऱ्याचा वाटा बरोबर निम्मा होता. ते डोळे दोन्ही घरांचे होते आणि पुढे ते दोन्ही घरांत दिसलेही.

अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. काही फाईली एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून, म्हणून त्याच्याकडे या फाईलींची एकच प्रत असते. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळणं हे अशा फाईलीमुळे होतं. आईला दोष दिसत नाही, मामाला असतो, आणि भाच्यात उतरतो. 'मामावर गेलाय' हे आपलं वाक्य इथे अक्षरशः खरं ठरतं. पण यातही आईने काही केलेलं नसतं. तिच्याकडे जशी प्रत आली तशी तिने पुढे दिली.

मग मावशीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या घरी एकच सुप्त प्रत आली कशी? दोन्ही कुटुंबं कित्येक पिढ्या त्याच चार-पाच गावांत सोयरिकी करणारी. सगोत्र लग्न करायचं नाही हा नियम आपण काटेकोर पाळतो, आणि त्यावर समाधान मानतो. पण गोत्र बापाकडून चालतं, जनुकं दोन्हीकडून येतात. बेळगाव, धारवाडकडे अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न पूर्वापार चालत आलंय, काही ठिकाणी मामा-भाचीचंही. गोत्र वेगळंच असतं, शास्त्राला बाध येत नाही. पण मामेबहीण-आतेभावाचा सरासरी आठवा हिस्सा समाईक असतो, मामा-भाचीचा चौथा. त्यांची बहुतेक मुलं चांगली धडधाकट होतात, हेही खरं. पण घराण्यात एखाद्या आजाराची सुप्त प्रत असेल तर तीच प्रत दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याची शक्यता इथे वाढते.

डोळे घारे झाले तर बिघडत काही नाही. थॅलेसेमियाचं तसं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या फाईलची एक प्रत बिघडलेली असली तर माणूस वाहक असतो, थॅलेसेमिया मायनर म्हणतात तो. त्याला बहुधा काही त्रास नसतो, फार तर रक्त थोडं कमी भरतं. दोन्ही प्रती बिघडल्या तर थॅलेसेमिया मेजर, म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त घेत जगणारं मूल. दोन्ही पालक वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मेजरची, दोन वाहकाची, एक पूर्ण मोकळ्याची. इथे लोक हमखास गोंधळतात. एक मूल आजारी झालं म्हणजे आता पुढची तीन सुटली, असं नसतं. निसर्गाकडे आमच्या भरतीसारखं रोस्टर नाही की चौथी जागा भरली, आता पुढच्या बिंदूवर दुसरा. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं.

सिकलसेलचंही गणित हेच. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हा आजार मोठा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्राने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, ती २०४७ पर्यंतचं लक्ष्य ठेवून. गंमत अशी, की सिकलसेलच्या वाहकाला घातक मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. ज्या प्रदेशात मलेरियाने माणसं मरत होती, तिथे ही प्रत टिकली ती याच कारणाने. म्हणजे वाहक असणं हा डागही नव्हे आणि पापही नव्हे. कधीकाळी कोणाचा तरी जीव वाचवलेला तो कागद आहे.

हे सगळं लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी, शिकलेली, नोकरी करणारी. एका तपासणीत ती थॅलेसेमिया मायनर निघाली. स्थळ जमत आलं तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. आठवड्याभरात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. मुलाचं रक्त तपासलं का, असं मुलीच्या काकांनी विचारलं. "त्याला कशाला? तो धडधाकट आहे," असं उत्तर मिळालं.

अहो, तीही धडधाकटच आहे! वाहक म्हणजे दिसायला गोल दाणाच. मुलगा वाहक नसेल तर त्यांचं एकही मूल थॅलेसेमिया मेजर होणार नाही. तो वाहक असेल तर ते वेळीच कळलेलं बरं, मग लग्न करायचं का, आणि केलं तर गरोदरपणात तपासणी कशी करायची, हे दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. आणि ही मुलगी नाकारून तो मुलगा जिच्याशी लग्न करील तिची तपासणीच झालेली नसेल, तर धोका टळला कुठे? सांगणारी नको, आणि न तपासलेली चालेल, असा हा हिशेब.

आपली म्हण चुकीची नाही, हे मला आता पटलंय. आडात नसेल तर पोहऱ्यात खरंच येत नाही. फक्त आपण काठावर उभे राहून, वरचं पाणी पाहून, आडात काय नाही ते सांगत असतो. आणि हे दोन आडांचं पाणी असतं, हे विसरतो. पत्रिकेचे छत्तीस गुण जुळवायला आपण भटजींकडे जातोच. जाताना वाटेत एखाद्या प्रयोगशाळेत थांबावं, आणि दोघांचंही रक्त द्यावं. मुलाचंसुद्धा.